लक्ष, सहा चौकोन आणि एक चिंधी: प्रोजेक्टच्या नोंदी

१४ जुलै

विषय मंजूर झाला एकदाचा. लक्षाचा व्हिज्युअल वर्किंग मेमरीवर होणारा परिणाम. मॅडमनी प्रपोजलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने एवढंच लिहिलंय, "कधीचं लक्ष?" बाकी काही नाही, ना सही ना शेरा. दोन दिवस त्या प्रश्नाकडे बघत बसले. कधीचं म्हणजे काय, बघतो तेव्हाचंच ना.

माझ्या डोक्यात चित्र साधं होतं. लक्ष म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आणि मेमरी म्हणजे आतलं चार गाड्यांचं पार्किंग. वॉचमन कुणाला आत सोडायचं ते ठरवतो, पार्किंग भरलं की गेट बंद, मग तो आपला मोबाईल बघत बसतो. प्रपोजलमध्ये मी याची आकृतीपण काढली होती, बाण वगैरे देऊन. मॅडमचा प्रश्न बहुतेक असा आहे की गेट बंद झाल्यावर हा माणूस खरंच मोबाईल बघतो का.

(घरच्यांना फोनवर विषय समजावला तो असा: लक्ष्मी रोडला स्कूटीवरून लेन बदलताना आपण एकदा मागे बघतो आणि मान परत पुढे. पुढच्या एका सेकंदात मागची रिक्षा कुठे होती, बस कुठे होती हे डोळ्यासमोर नसताना जे धरून ठेवलेलं असतं, ती व्हिज्युअल वर्किंग मेमरी. आई म्हणाली, "तू मागे बघतेस हे ऐकून बरं वाटलं.")

१७ जुलै

वाचन. तीन पेपर नीट वाचले, बाकीचे नुसते चाळले.

पहिला जॉर्ज स्पर्लिंगचा, १९६०. चार-चार अक्षरांच्या तीन ओळी, पडद्यावर फक्त ५० मिलिसेकंद. सगळी सांगा म्हटलं की लोक साधारण साडेचारवर अडकायचे आणि म्हणायचे की आम्हाला जास्त दिसली होती पण सांगेपर्यंत उडाली. मग त्याने युक्ती केली. अक्षरं गेल्यावर एक सूर वाजवायचा, उंच सूर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची, आणि तेवढीच ओळ विचारायची. कुठलीही ओळ विचारली तरी चारपैकी तीनच्या आसपास अक्षरं यायची. म्हणजे त्या क्षणी डोक्यात बारापैकी नऊच्या आसपास शिल्लक होती! पण सूर जसजसा उशिरा वाजवला तसतसा फायदा घटत गेला, आणि एक सेकंद उशीर केला की जवळजवळ शून्य. याला आयकॉनिक मेमरी म्हणतात, डोळे मिटल्यावर क्षणभर राहतो तसा ठसा.

दुसरा लक आणि व्होगेल, १९९७, नेचर या जर्नलमधला. (लक नावाच्या माणसाने लक्षावर काम करायचं हे मराठी माणसालाच कळणार.) रंगीत चौकोन १०० मिलिसेकंद, ९०० मिलिसेकंद कोरा पडदा, मग परत चौकोन, बदललं का नाही ते सांगा. तीन चौकोनांपर्यंत लोक जवळपास चुकतच नाहीत आणि चारपासून घसरण सुरू. मिलरचं १९५६ चं ते सात अधिक-उणे दोन आपण शाळेपासून ऐकतो, पण इथे सात विसरा, तीन-चारवर गाडी थांबते.

तिसरा ग्रिफिन आणि नोब्रे, २००३, आणि मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच होतं. रंगीत आकार दाखवून झाले, पडदा कोरा, आयकॉनिक ठसा पुसून जायला भरपूर वेळ दिला, आणि *त्यानंतर* बाण दाखवला की या जागेबद्दल विचारणार आहोत. आता बघायला काही उरलेलंच नाही, तरी बाण मिळालेले लोक जास्त बरोबर येतात. याला रेट्रो-क्यू म्हणतात, क्यू म्हणजे इशारा, रेट्रो म्हणजे मागाहून. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या लँडमन मंडळींनीपण तसंच काहीतरी दाखवलं.

म्हणजे गेट बंद झाल्यावर वॉचमन आत पार्किंगमध्ये फिरतोय. आकृती फाडली.

२२ जुलै

सायकोपायमध्ये, म्हणजे असे प्रयोग बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रयोग लिहायला घेतला. प्लॅन असा: सहा चौकोन एका गोलावर, मधे प्लसचं चिन्ह. तीन प्रकारच्या ट्रायल. प्री-क्यू म्हणजे बाण चौकोनांच्या आधी. रेट्रो म्हणजे चौकोन जाऊन एक सेकंद झाल्यावर बाण. आणि न्यूट्रल म्हणजे बाणच नाही. शेवटी एका जागी एकच चौकोन येतो, तोच रंग होता की वेगळा, दोन बटणं. प्रत्येक प्रकारच्या ८०, एकूण २४० ट्रायल, चाळीस-चाळीसचे सहा ब्लॉक, माणशी वीस-पंचवीस मिनिटं.

दिवसभर एकाच गोष्टीत गेला. मी १०० मिलिसेकंदसाठी सरळ "०.१ सेकंद थांब" असं लिहिलं होतं आणि चौकोन कधी जास्त वेळ दिसायचे तर कधी कमी. माझ्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवीन चित्र काढतो, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, आणि पडदा अर्ध्या फ्रेमला बदलू शकत नाही. त्यामुळे वेळ सेकंदात न मोजता फ्रेममध्ये मोजायचा. १०० मिलिसेकंद म्हणजे ६ फ्रेम, एक सेकंद म्हणजे ६०. असं लिहिल्यावर गाडी रुळावर आली. मग चार्जर काढला तर परत फ्रेम गळायला लागल्या, बॅटरी सेव्हर! वहीच्या कव्हरवर मार्करने लिहून ठेवलं: चार्जर लावलेला असणे.

२६ जुलै

पहिली पायलट, म्हणजे खऱ्या डेटाआधीची चाचणी, अर्थातच रूममेटवर. एक ब्लॉक झाला आणि माझ्या लक्षात आलं की तिचे ओठ हलतायत. जवळ जाऊन ऐकलं तर पुटपुटत होती, "लाल निळा पोपटी, लाल निळा पोपटी". अगं हे काय करतेस म्हटलं तर म्हणे, "पाठ करतेय, तूच म्हणालीस लक्षात ठेव."

बरोबरच आहे तिचं. पण मग ही डोळ्यांची मेमरी राहिली कुठे, ही तर कानाची झाली, टेलिफोन नंबर घोकतो तशी. लक आणि व्होगेलनी यासाठी लोकांना दोन आकडे मनात धरायला लावले होते, तोंड गुंतवून ठेवायला. ते मी वाचलंही होतं, अंडरलाईनपण केलं होतं. करायचं तेवढं राहिलं.

दुसरं असं की तिचा प्री-क्यूचा स्कोअर जवळजवळ पैकीच्या पैकी. मी खूश झाले, बघा लक्षाचा परिणाम. खूश व्हायला नको होतं, ते ३० तारखेला कळलं.

३० जुलै

मॅडमबरोबर मीटिंग. पंधरा मिनिटं ठरली होती, सव्वा तास चालली, चहा दोनदा.

मॅडमनी स्वतः वीस ट्रायल केल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे लक्ष नाहीये, ही मान आहे." मी प्री-क्यूच्या बाणानंतर अर्धा सेकंद मोकळा ठेवला होता. डोळा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायला साधारण २०० मिलिसेकंद घेतो. म्हणजे बाण बघून माणूस आरामात तिकडे डोळा नेऊन बसतो आणि चौकोन येतो तो थेट नजरेसमोर. मग मी मोजतेय काय, तर समोरचं नीट दिसतं आणि कडेचं अंधूक दिसतं हे, जे कुणालाही माहितीय. लक्ष डोळा न हलवतापण सरकतं, मायकेल पोस्नरने १९८० मध्ये तेच तर मांडलं, वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीशी बोलताना मागच्या बाकावर काय चाललंय ते शिक्षकांना कळतं ते तसंच.

आपल्याकडे डोळ्यांचा माग काढणारं मशीन नाही. मग उपाय हा की बाण येऊन चौकोन दिसेपर्यंत फक्त १५० मिलिसेकंद, आणि चौकोन १०० मध्ये गायब. डोळा तिकडे पोचेपर्यंत दुकान बंद होत आलेलं असतं. शंभर टक्के बंदोबस्त नाही हा, पण रिपोर्टमध्ये तसं प्रामाणिकपणे लिहायचं. आणि मॅडम म्हणाल्या ते मला फार आवडलं, की रेट्रोमध्ये ही भानगडच नाही, तिथे पडदा कोरा असतो, डोळा कुठेही ने, बघायला आहे काय? म्हणून खरी तुलना रेट्रो विरुद्ध न्यूट्रल, प्री-क्यू नुसता सोबतीला.

न्यूट्रलवरपण बोलणी खाल्ली. बाणच नाही म्हणजे काही चमकतच नाही, आणि मग रेट्रोचा फायदा दिशा कळल्यामुळे झाला की नुसतं "सावध, आता येतंय" कळल्यामुळे झाला हे वेगळं करता येणार नाही. म्हणून न्यूट्रलमध्येपण त्याच क्षणाला, तेवढ्याच वेळासाठी, सहाही दिशांचे बाण असलेलं चिन्ह दाखवायचं. आणि चौकोन गेल्यापासून प्रश्न येईपर्यंतचा वेळ तिन्ही प्रकारांत सारखा, मी तोही वेगवेगळा ठेवला होता, का ते आता मलाच सांगता येत नाही.

पुटपुटण्यावर मी सुचवलं की पाढा म्हणायला लावू. "बे एके बे, बे दुणे चार" नको, मॅडम म्हणाल्या, पुढे गेलं की लोक विचार करायला लागतात, सतरा सक्क झालं तर संपलंच. नुसतं "बे एके बे" तेवढंच परत परत. ठरलं.

२ ऑगस्ट

आज खालच्या मजल्यावरच्या काकूंना बसवलं. काकू ब्लाऊज शिवतात, आमच्या अख्ख्या बिल्डिंगचे आणि शेजारच्या दोन बिल्डिंगचे. मला वाटलं की दिवसभर रंगात हात असलेली बाई, हिचा स्कोअर खतरनाक येणार.

काकू बे एके बे म्हणत छान बसल्या. पहिल्याच ब्लॉकमध्ये थांबून म्हणाल्या, "हा मोरपंखी आणि हा त्याच्या शेजारचा, हे दोन वेगळे धरायचे का गं?" माझ्यासाठी ते हिरवट-निळा क्रमांक एक आणि निळा होते. धरायचे म्हटलं. स्कोअर आला आमच्यासारखाच, सहापैकी साधारण तीन धरल्यासारखा.

मी जरा हिरमुसले आणि बोलूनपण दाखवलं की काकू तुम्हाला तर रंग पाठ असतील. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "रंग मनात नेता येत नाही बाळा, चिंधी न्यावी लागते." अस्तर घ्यायला मॅचिंग सेंटरला जाताना साडीच्या काठाची बोटभर चिंधी त्या ब्लाऊजच्या कागदाला टाचणी लावून नेतात. एकदा नवीन असताना चिंधी विसरल्या, तुळशीबागेत उभं राहून डोळे मिटून साडी आठवली, एकदम खात्रीने डाळिंबी अस्तर घेतलं आणि घरी येऊन बघतात तर चक्क विटकरी. त्यांनी ते अस्तर मला काढून दाखवलं, अजून ठेवलंय, पिशवीला लावतात म्हणे आतून.

रात्री लक्षात आलं की काकूंनी दोन ओळींत तो सगळा वाद सांगितला ज्यावर २००८ पासून पेपरमागून पेपर पडतायत. झँग आणि लक म्हणतात की डोक्यात ठरावीक खण आहेत, तीन-चार, वस्तू खणात बसली तर बसली नाहीतर गेली. बेज आणि हुसेन म्हणतात की खणबिण काही नाही, एकच रसद आहे, ती जितक्या वस्तूंत वाटाल तितकी प्रत्येक वस्तू पातळ होते. काकूंच्या डोक्यात लाल राहिला होता, पण *कुठला* लाल ते पातळ झालं होतं. माझ्या प्रयोगात फक्त "तोच की वेगळा" विचारतात, त्यात हे पातळ होणं दिसतच नाही. त्यासाठी रंगचक्र दाखवून "नेमका कुठला ते दाखव" असं विचारावं लागतं. ते या प्रोजेक्टमध्ये नको, मी ऑक्टोबरमध्ये सबमिट करणार आहे, जगायचंय मला.

७ ऑगस्ट

वैताग. खरा डेटा सुरू केला, तीन जण झाले आणि तिघांच्याही चुका पिवळा आणि पांढरा यातच. तिघी काय एकदम अशा निघाल्या म्हणून मीच बसून बघितलं तर पिवळा पांढऱ्यासारखा आणि पांढरा पिवळ्यासारखा. नाईट लाईट! लॅपटॉप संध्याकाळी सहाला आपोआप पडदा पिवळट करतो आणि मी सेशन साडेसहाला घेत होते. मागच्या वर्षी डोळे दुखतात म्हणून मीच लावलं होतं ते सेटिंग.

तिन्ही फाईली "बाद" नावाच्या फोल्डरमध्ये. वहीच्या कव्हरवर दुसरी ओळ: नाईट लाईट बंद असणे.

१२ ऑगस्ट

संध्याकाळची सेशन पूर्ण बंद करावी लागली. मागच्या मैदानात ढोल पथकाची प्रॅक्टिस सुरू झालीय, साडेसहा ते साडेनऊ. एका मुलीने सांगितलं की ती बे एके बे ठेक्यात म्हणायला लागली होती आणि बटणपण ठेक्यातच दाबत होती. फाईल उघडली तर खरंच, वेळा बघून हसू येईल. आता सगळे सकाळी साडेनऊला. सकाळी कोण येतं, एफवायच्या पोरी येतात, आणि त्याही मी वडापाव देते म्हणून.

१९ ऑगस्ट

नऊ जण झाले. डेटा येतोय तोवर वाचन, आणि आज जे वाचलं त्याने डोकं गरगरलं.

व्होगेल आणि माचिझावा यांनी २००४ मध्ये दाखवलं की माणूस चौकोन धरून ठेवत असतो त्या वेळी डोक्याच्या मागच्या भागात, ज्या बाजूचे चौकोन धरायचेत त्याच्या विरुद्ध बाजूला, मेंदूच्या लहरींत एक ठरावीक घसरण दिसते. जितक्या वस्तू धराल तितकी ती वाढते आणि माणसाची मर्यादा आली की थांबते. हे झालं वस्तू मोजायचं मीटर. पुढच्या वर्षी त्यांनी याच मीटरने गंमत केली. पडद्यावर दोन लाल पट्ट्या लक्षात ठेवायच्या आणि बरोबर दोन निळ्या, त्या सोडून द्यायच्या. ज्यांची मेमरी चांगली होती त्यांचं मीटर दोन वस्तूंइतकं. ज्यांची कमी होती त्यांचं मीटर *चार* वस्तूंइतकं! म्हणजे कमी मेमरीवाले कमी धरत नव्हते, उलट नको तेही धरून बसले होते.

आमच्याकडे माळ्यावर जागा नाही जागा नाही म्हणतात आणि काढायला घेतलं की २००३ ची कॅलेंडरं निघतात, ते हेच.

म्हणजे पार्किंग लहान असणं आणि वॉचमन ढिला असणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. माझा अख्खा पहिला चॅप्टर "मेमरीची क्षमता" म्हणून वेगळा आणि "लक्ष" म्हणून वेगळा लिहिलाय. परत लिहायचा.

२५ ऑगस्ट

अकरा जण. गणपतीला घरी चाललेय, लॅपटॉप नेणार नाही. (नेला.)

९ सप्टेंबर

परत आले. चौदा जण पूर्ण. आज आकडेमोड.

कपाळावर हात मारायची वेळ. मी क्षमता, म्हणजे के, काढायला इंटरनेटवर जो फॉर्म्युला मिळाला तो लावला आणि माणसं एकदम साडेचार-पाचवर. वा, आमच्या कॉलेजच्या पोरी जगावेगळ्या. मॅडमनी विचारलं, "फॉर्म्युला कुठला?"

दोन आहेत. पॅशलरचा १९८८ चा, तो शेवटी *सगळे* चौकोन परत दाखवतात तेव्हाचा. आणि कोवानचा २००१ चा, तो शेवटी *एकच* चौकोन दाखवतात तेव्हाचा. माझा एकवाला. उदाहरण म्हणून वहीत लिहिलेलं इथे उतरवते. सहा चौकोन, बदल झाला तेव्हा "बदलला" म्हणायचं प्रमाण ०.८, बदल नसताना उगाच "बदलला" म्हणायचं ०.२. कोवान: सहा गुणिले (०.८ वजा ०.२), म्हणजे ३.६. पॅशलर: तेच ३.६ परत (१ वजा ०.२) ने भागायचं, म्हणजे ४.५. एका भागाकाराने जवळजवळ एक अख्खा चौकोन डोक्यात वाढला. आपल्याला मटका लागला असं वाटलं की आधी भागाकार तपासायचा.

शिवाय के फक्त न्यूट्रलमध्येच काढायचा असं ठरलं, कारण तो सगळे चौकोन सारखे धरलेत असं गृहीत धरतो आणि बाण दाखवला की नेमकं तेच गृहीतक मोडतं. बाणवाल्या तुलनेला साधं बरोबरचं प्रमाण आणि डी-प्राईम, म्हणजे खरा बदल ओळखणं आणि उगाच "बदलला" म्हणणं यांतला फरक मोजणारा आकडा.

१६ सप्टेंबर

ग्राफ काढले. प्री-क्यूचा दांडा सगळ्यात उंच, अपेक्षेप्रमाणे. रेट्रो न्यूट्रलपेक्षा उंच, बहुतेकांमध्ये. हे दिसलं तेव्हा मी खरंच खुर्चीवरून उठून रूममध्ये दोन चकरा मारल्या. पेपरमध्ये वाचणं वेगळं आणि आपल्या वडापाववर आलेल्या पोरींच्या डोक्यात, कोऱ्या पडद्यानंतर आलेल्या एका बाणाने, नसलेला चौकोन वाचलेला बघणं वेगळं.

पण चौघींमध्ये काहीच फरक नाही, एकीत तर उलटा. आणि क्रमांक ११ सगळ्यात विचित्र, तिचा न्यूट्रलच इतका चांगला की सगळ्यांच्या वर, आणि रेट्रो अगदी तेवढाच. बाण दाखवा नाहीतर न दाखवा, तिला घेणंदेणंच नाही.

१७ सप्टेंबर

क्रमांक ११ कँटीनमध्ये भेटली. सहज विचारलं की तू नेमकं काय करत होतीस. तिने इतक्या निरागसपणे सांगितलं की बाई गं.

"ताई, मी ते सहा बघतच नव्हते. तुमच्याकडे रंग एकूण आठच आहेत ना. कुठले दोन नाहीयेत तेवढंच बघायचं. शेवटी त्या दोघांतला आला की बदललेला, नाहीतर तोच."

मी जिना चढता चढता कोड आठवत होते. माझ्या कोडमध्ये बदल करायचा झाला की नवीन रंग पडद्यावर नसलेल्या रंगांतून निवडला जातो. आठातले सहा पडद्यावर, उरले दोन. म्हणजे बदललेला चौकोन *नेहमी* त्या दोनांतला. कुठल्या जागी कुठला रंग होता हे धरायची गरजच नाही! आणि जागेशी संबंधच नसेल तर जागा दाखवणारा बाण तिच्या काय कामाचा. तिच्यासमोर मी सहा चौकोन ठेवले होते, तिने डोक्यात ठेवले दोन, तेही पडद्यावर नसलेले.

बाकीच्या तिघींना मेसेज केले. दोघींनी लिहिलं की मधेमधे असंच काहीतरी केलं, शेवटच्या ब्लॉकमध्ये. तिसरी म्हणाली, झोप येत होती.

१८ सप्टेंबर

मॅडमना सांगायला घाबरत घाबरत गेले. त्या आधी खूप हसल्या आणि मग म्हणाल्या की त्या पोरीला पुढच्या वर्षी प्रोजेक्टला मी घेणार. उपाय दहा मिनिटांचा: बदलाच्या निम्म्या ट्रायलमध्ये नवीन रंग बाहेरचा नाही, त्याच पडद्यावरच्या दुसऱ्या चौकोनाचा. लाल पडद्यावर होता, पण *इथे* नव्हता. मग रंग आणि जागा यांची गाठ मारून ठेवल्याशिवाय सुटका नाही.

जुना डेटा आणि नवा डेटा मिसळायचा नाही. जुने चौदा आता "पायलट". दोन महिने एका शब्दात गेले. सबमिशनला चार आठवडे, निदान बारा जण परत हवेत.

निघताना मी विचारलं की बाण एकीकडे दाखवला तर बाकीच्या पाच चौकोनांचं होतं काय, गेले का ते? मॅडम म्हणाल्या, "तुझ्या प्रयोगात ते कळणारच नाही, तुझा बाण कधी खोटं बोलत नाही." मग त्यांनी मला २०१२ चं लुईस-पीकॉक आणि मंडळींचं काम दाखवलं. दोन गोष्टी धरायला सांगायच्या, एकीकडे लक्ष द्यायला सांगायचं, तर दुसरीची खूण मेंदूच्या स्कॅनमधून जवळजवळ पुसली जाते, जणू विसरलाच. आणि मग परत तिच्याकडे बोट दाखवलं की ती खूण परत उगवते! २०१६ मध्ये रोज आणि सहकाऱ्यांनी तर डोक्याबाहेरून चुंबकाचा एक ठोका देऊन ती बाजूला पडलेली गोष्ट क्षणभर उजळवून दाखवली, पण ती गोष्ट पुढे लागणार असेल तरच. एकदा "आता लागणार नाही" असं ठरलं की ठोक्यानेही काही उजळेना.

माझ्या नव्या व्हर्जनमध्ये पाचातली एक ट्रायल खोट्या बाणाची ठेवलीय. मॅडम म्हणाल्या, वेळ पुरणार असेल तर.

२२ सप्टेंबर

आज घटस्थापना. काकूंकडे नवरात्राच्या रंगांचे ब्लाऊज टांगलेत, दाराच्या चौकटीलापण. त्यांना परत बसा म्हणणार होते पण टाचण्या तोंडात धरलेल्या बाईला बे एके बे म्हणायला कसं सांगणार. कागदांना चिंध्या लावलेल्या होत्या, प्रत्येकाला.

नवीन कोड चालला. मी स्वतः "नसलेले दोन" वाली युक्ती वापरून एक ब्लॉक केला, निम्म्या बदलांना धडाधड आपटले. छान.

२५ सप्टेंबर

नव्या व्हर्जनचे चार झाले. आकडे उघडून बघणार नाही असं ठरवलंय, सगळे होईपर्यंत. (एकीचा बघितला. काही बोलत नाही.)

क्रमांक ११ लापण परत बोलावलंय. तिला काय बदललंय ते सांगितलेलं नाही, आणि तिची ही दुसरी वेळ म्हणून तिचा डेटा हिशोबात धरता येणार नाही हे मला माहितीय, मला फक्त बघायचंय. शनिवारी सकाळी साडेनऊ. ढोल नाहीत, नाईट लाईट बंद, चार्जर लावलेला. वडापाव दोन मागितलेत तिने या वेळी.